निळं म्हणजे चांगलं दूध

आष्ट्यात मतीन तांबोळीचं घर कुठं असं विचारलं तर कुणीही सांगेल, आणि वर हेही सांगेल की मोबाईलचा डिस्प्ले बदलायचा असेल तर सकाळी जावा, दुपारनंतर त्यो कॉम्प्युटरवर बसतोय.

आता मतीनचा धंदा काही मोबाईलचा नव्हे. पण एकदा एका लग्नात शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, तुमी काय करता, आणि हा म्हणून गेला, "डिस्प्लेचं काम करतो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी दारात फुटका मोबाईल घेऊन माणूस हजर. मतीननं त्याला बसवून समजावलं. म्हणाला, कॉम्प्युटर चालवणारी एक यंत्रणा असते, तिचा जो गाभा त्याला कर्नल म्हणतात. जगभरातली हजारो माणसं मिळून तो लिहितात. प्रत्येक पडद्याची भाषा निराळी, म्हणून गाभ्यात प्रत्येक पडद्यासाठी एक दुभाषा बसवलेला असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्यातल्या एका पडद्याचा दुभाषा मी सांभाळतो. माणसानं सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग माझा कवा देतासा?" मतीननं काच मागवली आणि बदलून दिली. समजावण्यापेक्षा बदलणं लवकर होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पोटापाण्याला त्याची पुण्याच्या एका कंपनीची नोकरी होती, ती घरात बसून चालायची. ड्रायव्हर सांभाळणं हे त्यापलीकडचं. त्याचं असं झालं, की त्याचे वडील शमशेर तांबोळी यांचं स्टँडजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही दुरुस्त करायचे दिवस संपले तरी दुकानातलं सामान संपलं नाही. त्या सामानात मतीनला एक जुना, स्वस्तातला, वहीएवढा पडदा सापडला. त्याचा ड्रायव्हर मूळ ज्यानं लिहिला होता तो परदेशातला गृहस्थ बाप झाला आणि पत्रांना उत्तरं देईनासा झाला. मतीननं दोनचार दुरुस्त्या लिहून पाठवल्या. दुसरं कुणी पुढं येईना, तेव्हा वरच्या मंडळींनी सांभाळणाऱ्यांच्या यादीत त्या ड्रायव्हरपुढं मतीनचं नाव घातलं. यात मान होता, पैसा नव्हता, आणि आष्ट्यात मानही नव्हता, कारण कुणाला सांगायची सोय नव्हती.

शमशेरचाचांना मात्र पोराचं काम बरोबर कळलं होतं. पडदा आहे, चित्र यायला पाहिजे, आणि आलं नाही तर लोक शिव्या देतात. एवढ्यात सगळं आलं. त्यांचा स्वतःच्या धंद्यातला एकच नियम होता आणि तो ते ऊठसूट सांगायचे. "गिऱ्हाइकाचा टीव्ही चालू असंल तर मागचं झाकन उघडायचं न्हाई. चित्र हिरवट दिसतंय? दिसू दे. गिऱ्हाईक खूश हाय न्हवं?" मतीन ऐकून घ्यायचा. मनात म्हणायचा, अब्बांचा जमाना गेला.

तर एके दिवशी मतीननं त्या पडद्यावर तपासायला म्हणून महाबळेश्वरच्या सहलीचा फोटो लावला. फोटोत त्याची बायको परवीन स्ट्रॉबेरी खात होती. स्ट्रॉबेरी निळी होती. मतीननं ड्रायव्हर उघडून बघितला. मूळ गृहस्थानं लाल आणि निळ्याची अदलाबदल करून ठेवली होती. इतकी वर्षं झाली, जगात एकानंही तक्रार केली नव्हती. मतीननं एक ओळ बदलली. फोटोतली स्ट्रॉबेरी लाल झाली. मग त्यानं त्या एका ओळीवर दीड पान खुलासा लिहिला आणि सगळं वर पाठवून दिलं. ते तपासणारी परदेशातली एक जुनी जाणती बाई होती, कौतुकाच्या बाबतीत चिक्कू. तिनं लिहिलं, "छान पकडलंस." मतीननं ते परवीनला वाचून दाखवलं.

परवीन म्हणाली, "मला निळीच आवडली होती."

ही दुरुस्ती रीतसर कर्नलमध्ये गेली आणि तिथून जगभर पसरली. मतीन चारपाच महिने जरा ताठ चालायचा. घरातल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

पुढं एका रविवारी परवीनचा भाऊ तारिक जेवायला आला. तारिक जतचा. शेळ्यामेंढ्यांचा व्यापार, त्यामुळं तालुक्यातल्या वाडीवस्तीवर त्याचं जाणंयेणं, आणि जेवताना गप्प बसायची त्याला सवय नव्हती. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "दुल्हाभाई, आमच्याकडं एका गावात दुधाचं मशिन येडं झालंय."

मतीन म्हणाला, "असं?"

"तिथल्या डेअरीत मशिन हाय. दुधाचा थेंब घातला की पडदा रंगतोय. निळा झाला म्हंजे दूध चांगलं. लाल झाला म्हंजे पानी. फॅट चिठ्ठीवर येतंय, पर पान्याचं फक्त रंग सांगतोय. निळं दूध निळ्या पट्टीच्या कॅनमधी, लाल दूध लाल पट्टीच्या कॅनमधी. आता आठवडा झाला, अख्ख्या गावाचं दूध लाल. निळं फक्त एका मानसाचं, कोंडीबाचं. आनि कोंडीबा कसा, तर त्याच्या दुधात मासा सोडला तर जगंल."

परवीन हसली. तारिकनं आणखी रस्सा घेतला.

"गाव म्हनतंय ही बयाबाईची करनी. बयाबाई म्हंजे डेअरीवर दूध घेती ती. कोंडीबा तिचा चुलत दीर पडतोय न्हवं का. नवऱ्यामागं एकटी बाई, लय वर्षं डेअरी सांभाळली, कुनाला थेंब कमी न्हाई की जास्त न्हाई. आनि आता म्हनत्यात, दिराला निळं देती, गावाला लाल देती. परवा निळा कॅन सांगलीहून परत आला, पानी हाय म्हनून. लाल कॅनबद्दल वरनं कुनी बोललं न्हाई. उद्या संध्याकाळी तिच्या हातातनं डेअरी काडून दुसऱ्याला देनार हायती."

मतीनचा घास हातातच राहिला. "मशिन कवापासनं येडं झालं?"

"सांगलीच्या कंपनीचा मानूस येऊन नवीन काय तरी टाकून गेला, तवापासनं."

"पडदा केवढा?"

तारिकनं ताटाशेजारी हातानं माप दाखवलं. वहीएवढा.

मतीनला जे कळायचं ते कळलं. ज्या कुणी ते मशिन बनवलं, त्याच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सुरुवातीलाच दिसलं असणार की निळं सांगितलं तर लाल येतंय. मग त्यानं तक्रार करत बसण्यापेक्षा आपल्याकडं उलटं लिहिलं. निळं पाहिजे तर लाल सांगायचं. ड्रायव्हरची चूक आणि प्रोग्रॅमची चूक एकमेकींना धरून वर्षानुवर्षं सुखानं नांदत होत्या. मतीननं त्यातली एक दुरुस्त केली, आणि दुधाच्या मशिनच्या पोटातही तोच गाभा असल्यानं ती दुरुस्ती त्या 'नवीन काय तरी'बरोबर गावात पोचली.

आणि या कामात एक नियम आहे, सगळ्यांत कडक. कुणाकडं जे चालू होतं ते तुमच्या दुरुस्तीनं बंद पडलं, तर चूक तुमची. तो तुमच्या चुकीवर विसंबून होता, हे कारण चालत नाही. तुम्ही बरोबर होता, हे तर मुळीच चालत नाही. मतीननं हाच नियम दोन नवशिक्यांना अख्ख्या जगासमोर ऐकवला होता, जरा कडक भाषेतच. आणि तोच नियम त्याच्या बापानं झाकणाच्या भाषेत लहानपणापासून त्याला सांगितला होता.

कुणाला कळलं नसतं. घरी बसून आपली दुरुस्ती मागं घेतली असती, तरी दोनतीन महिन्यांत, कंपनीच्या पुढच्या फेरीला, सगळी मशिनं शहाणी झाली असती. पण बयाबाईकडं उद्या संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता. मतीन म्हणाला, "तारिक, उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

परवीननं विचारलं, "तुम्ही जाऊन काय सांगणार?"

"माझ्यामुळं झालं म्हणून."

"म्हंजे हात दाखवून अवलक्षण," परवीन म्हणाली, आणि डबा भरून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तारिकच्या मोटरसायकलवर दोघं त्या गावात पोचले. डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढं कट्टा, कट्ट्यावर गावाकडं तोंड करून ठेवलेलं मशिन. तोंड गावाकडं अशासाठी, की कुणी म्हणू नये आत काय चाललंय ते दिसत नाही. बयाबाई कॅन धूत होती. साठीची बाई, कपाळाला भंडारा, डोक्यावरचा पदर घट्ट. तारिकनं ओळख करून दिली. मतीननं मशिन बघितलं, लॅपटॉप जोडला, निळा रंग मागितला. पडदा निळा झाला. जगातल्या प्रत्येक ड्रायव्हरनं दाखवावा असा निळा. म्हणजे मतीनची दुरुस्ती इथवर पोचली होती.

मशिनच्या सांगलीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, जुनी आवृत्ती मशिनमध्येच आहे, ती लावून बघा, नाहीतरी मी तेच सांगणार होतो. आठवडाभर का सांगितलं नाही, ते त्यानं सांगितलं नाही.

मतीन लगेच लावणार होता, पण तारिकनं हात धरला. "आता लावू नका. सगळी येऊ द्यात. न्हाईतर म्हनतील पावण्यानं येऊन दुसरं बटन फिरवलं."

संध्याकाळी किटल्या घेऊन गाव जमलं. पुढं चेअरमन लालासाहेब. बयाबाई कट्ट्याच्या कडेला उभी राहिली, कुणाकडं न बघता. मतीननं घसा साफ केला आणि सांगितलं, की बयाबाईंनी काही केलेलं नाही. पडद्याचे रंग उलटे झालेत, आणि ते माझ्यामुळं झालेत.

लालासाहेबांनी त्याला खालवर न्याहाळलं. "तुमी कंपनीचं?"

"न्हाई."

"मग मशिन तुमी इकलं?"

"न्हाई. मशिन मी आज पहिल्यांदा बघतोय."

"कुटनं आलासा?"

"आष्ट्याहून."

"म्हंजे आष्ट्यात बसून तुमी आमच्या मशिनचा रंग बदलला."

"व्हय. म्हणजे, सगळ्या जगातला बदलला. त्यात तुमचा आला."

गर्दीत थोडी चुळबुळ झाली. लालासाहेबांनी पुढचा प्रश्न नीट तोलून विचारला. "ह्याचा पगार कोन देतं?"

"कुणी देत नाही."

इथं गावाचा विश्वास पार उडाला. पगार घेऊन मशिन बिघडवणारा माणूस त्यांना समजला असता. फुकट बिघडवणारा म्हणजे बाईचाच कुणीतरी आणलेला. मागून एकजण म्हणाला, चोर सोडून फाशी द्यायला ह्यो नवा संन्याशी उभा केलाय.

"पर बदलला कशापायी?" लालासाहेबांनी विचारलं.

"चूक होती. म्हणून बरोबर केली."

"आमचं बरोबरच हुतं की."

"व्हय," मतीन म्हणाला.

मग त्यानं सगळ्यांदेखत मशिन बंद केलं, जुनी आवृत्ती निवडली आणि चालू केलं. बयाबाईनं रांगेतल्या पहिल्या किटलीतला थेंब घातला. पडदा निळा. दुसरी किटली, निळा. तिसरी, निळा. मग कुणी न सांगता कोंडीबाला पुढं ढकललं. त्याच्या दुधाचा थेंब पडला आणि पडदा लालभडक झाला.

कोंडीबानं पडद्याकडं बघितलं, मग मतीनकडं. "पावणं," तो म्हणाला, "नवंच बरं हुतं."

गाव हसलं. लालासाहेबही हसले. डेअरी काढून घ्यायची गोष्ट कुणी पुन्हा काढली नाही. बयाबाईची माफीही कुणी मागितली नाही. जो तो आपली किटली पुढं करून उभा राहिला, तेवढंच. तिनं पदरानं पडदा पुसला आणि म्हणाली, "फुडं या."

सगळी गेल्यावर मतीन तिच्याजवळ गेला. आता त्याला घरी जाऊन आपलीच दुरुस्ती मागं घ्यायची होती, आणि त्यातही एक रीत होती. चूक कुणाच्या सांगण्यावरून कळली, त्याचं नाव खाली लिहायचं असतं. म्हणाला, "आक्का, तुमचं पूर्ण नाव सांगा."

बयाबाईचा चेहरा एकदम बदलला. "कशाला? आता आनि काय झालं?"

मतीननं रीत सांगितली.

"म्या कुटं सांगितलं?" ती म्हणाली. "म्या तर म्हनत हुते माज्याच हातनं काय तरी हुतंय. मशिनची नळी उकळत्या पान्यानं धुतली, रोज धुतली. माज्या म्हशीचं दूध बी लाल आलं. म्हनलं, हिला काय तरी रोग झाला. लाल दूध लोकास्नी कसं पाजायचं, म्हनून समदं रेडकाला सोडलं. लोकं म्हनायली बयाबाईनं केलं. इतकी लोकं म्हनत्यात, तर आसंल. मला कुटं वाचाया येतंय."

मतीनला लाज वाटली. दीड पान खुलासा लिहिला होता त्यानं, त्या एका ओळीवर, आणि त्यात हे कुठंच नव्हतं. तो म्हणाला, "आक्का, तुमच्या हातनं काही झालं न्हाई. म्हशीला बी काही झालेलं न्हाई. माझ्या हातनं झालं."

ती बराच वेळ कॅनचं झाकण बसवत राहिली. झाकण आधीच बसलेलं होतं.

"त्यात माजं चुकलं असं कुटं येनार न्हाई न्हवं?"

"न्हाई. माझं चुकलं असं लिहायचं असतं."

"आनि ती लिवलेलं ऱ्हातंय?"

"ऱ्हातंय. आता मला बी पुसता यायचं न्हाई."

"मग लिवा," ती म्हणाली. "बयाबाई बिराप्पा कोळेकर. बिराप्पाचं बी लिवा. पूर्ण नाव म्हनलासा न्हवं."

मतीननं लिहिलं. या वेळी खुलासा छोटा होता. मी केलेली दुरुस्ती बरोबर होती, तिच्यामुळं एका ठिकाणी चालू असलेलं काम मोडलं, चूक माझी, म्हणून मागं घेत आहे. खाली बयाबाईचं नाव, नवऱ्याच्या नावासकट. परदेशातल्या त्या बाईनं ते घेतलं आणि एका ओळीत विचारलं, बयाबाईंचं आता ठीक आहे ना. मतीननं कळवलं, ठीक आहे. जेवताना अब्बांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "झाकन उघडलंस व्हय?" आणि पुढं जेवत राहिले. ते आणखी काही बोलले असते तर मतीनला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून त्या ड्रायव्हरमध्ये एक टीप आहे. लाल आणि निळं इथं उलटं आहे, माहीत आहे, कृपा करून सरळ करू नये. टीप असूनही वर्षाकाठी एखादा हुशार नवा माणूस जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून ते सरळ करून पाठवतोच. ओळ तीच असते आणि खाली दीड पान खुलासाही असतो. मतीन तो शेवटपर्यंत वाचतो, कारण आपला कुणी वाचला तेव्हा कसं वाटलं होतं ते त्याच्या ध्यानात आहे. मग उत्तर लिहितो, तू बरोबर आहेस, पण नको.

मागच्या महिन्यात असाच एकजण आला, भलता चिकट. म्हणाला, पटत नाही, कारण सांगा. मतीननं त्याला ती जुनी नोंद दाखवली. त्यानं वाचली आणि विचारलं, या बयाबाई बिराप्पा कोळेकर कोण, कुठल्या कंपनीच्या?

दारात एकजण फुटका मोबाईल घेऊन उभा होता. मतीननं त्याला बसायला सांगितलं आणि आधी उत्तर लिहिलं.

"ज्यांच्याकडं ते चालतंय, त्या."